राणीच्या झग्याचं माप

हौशी नाटकमंडळीत त्यांना सगळे टाचणीकाका म्हणत. काम करताना त्यांच्या ओठांत कायम टाचण्या असायच्या आणि काम नसतानाही बऱ्याचदा असायच्या. ओठांत टाचण्या असल्या की माणसाला बोलावं लागत नाही. कुणी काही विचारलं तर ते मान हलवायचे, फार तर "अं" म्हणायचे, आणि समोरचा आपल्या सोयीने त्याचा अर्थ लावून निघून जायचा. काकांना ते फार बरं पडायचं.

त्यांची सगळी नोकरी वीज कंपनीत, मीटर दुरुस्तीच्या टेबलावर झाली. बंद पडलेलं मीटर उघडायचं, चकती फिरते का बघायचं, धूळ झटकायची, परत बंद करायचं. मीटर काही विचारत नाही. अशा माणसाला नाटकाचा नाद लागावा हे तसं नवलच. पण खरं सांगायचं तर त्यांना नाटकाचा नाद कधी लागलाच नव्हता. लागला तो कपड्यांचा.

झालं असं की एका वर्षी ऑफिसच्या संमेलनात राजा-राणीचं नाटक होतं. कपडे भाड्याने आणलेले. राजाच्या झग्याला त्याच्याआधीच्या सगळ्या राजांच्या घामाचा वास येत होता आणि बाही इतकी लांब होती की हुकूम सोडताना राजाचा हातच दिसत नव्हता. काका घरी आले. जेवताना म्हणाले, "राजाची बाही चुकली होती."

"तुम्ही नाटक बघत होतात की बाही?" काकूंनी विचारलं.

"बाही."

"मग पुढच्या वेळी तुम्हीच शिवा."

काकूंनी ते टोमणा म्हणून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी बघतात तर शिलाई मशीनवरची वर्तमानपत्रांची रद्दी खाली, आणि नवरा मशीनला तेल देतोय. मशीन काकूंच्या माहेरचं. त्यांना स्वतःला साधं बटण लावता येत नव्हतं, आणि हे काकू सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगत.

पुढे ऑफिस सुटलं, गावातली हौशी मंडळी धरली, आणि काका नाटकांचे कपडे शिवत राहिले. सरदार, दासी, पऱ्या, एकदा तर एक अख्खं झाड. पैशाचा प्रश्न नव्हता, कारण पैसे मिळतच नव्हते. नावही कुठे छापून यायचं नाही, आणि आलं असतं तर काकांनी ते काढायला लावलं असतं.

मंडळीत एक गोष्ट मात्र प्रसिद्ध होती. काका कुणाचं माप घेत नाहीत. नुसते बघतात आणि शिवतात, आणि कपडा असा बसतो की जणू अंगावरच विणलाय. "काकांची नजर म्हणजे टेप आहे टेप," असं सगळे म्हणत. काका ओठांतल्या टाचण्या सांभाळत मान हलवायचे.

खरा प्रकार वेगळा होता. काकांना बायकांच्या अंगाला टेप लावायची लाज वाटायची. पुरुषांच्याही वाटायची, पण थोडी कमी. हा प्रश्न काकूंनी सोडवला होता. काकू टपाल वाटायच्या. त्यांची गावात ओळख नाही असं दार नव्हतं आणि गळ्यात पडायला त्यांना कारण लागत नसे. तालमीला आल्या की पुरुषांच्या खांद्या-पाठीवर थाप मारायच्या आणि एकेकीला मिठी मारायच्या. "काय गं, कशी आहेस, वाळलीस की काय!" असं म्हणत दोन्ही हातांनी पाठ, खांदे, कंबर चाचपून व्हायची, आणि त्या बाईला वाटायचं, किती जीव लावते! घरी आल्यावर काकू जुन्या चादरीचा कच्चा कपडा अंगावर चढवून खोलीच्या मध्यभागी उभ्या राहायच्या आणि सांगायच्या.

"इथे दोन बोटं सोडा. दंडात एक बोट. ही पोक काढून चालते, पाठीत उंची जास्त धरा. नाही नाही, इतकी नाही, ती राणी आहे, उंट नाही."

काका टाचण्या लावत जायचे. सगळा हिशेब काकूंच्या अंगावरून आणि काकूंच्या बोटांनी. टेप घरात होती, ती पडद्यांसाठी. कागदावर नमुना कापून ठेवावा असं काकांना कधी सुचलंही नाही. अंगच घरात असताना कागद कशाला?

गेल्या वर्षी काकू गेल्या. आजार लांबला नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं तसंच झालं आणि सांगितलं त्यापेक्षा थोडं लवकर झालं. घरात माणसं आली आणि गेली. काकूंची धाकटी बहीण काही दिवस राहिली. ती मुसमुसून रडायची, मध्येच भांडी घासायची, परत रडायची. एकदा काकांना म्हणाली, "भाऊजी, रडून घ्या. मोकळं वाटेल."

काकांना पटलं. त्यांनी खोलीचं दार लोटलं, पलंगावर बसले आणि वाट पाहिली. काही आलं नाही. बाहेर गॅसवर दूध उतू जायच्या बेताला आलं होतं, तेवढं त्यांना ऐकू येत होतं. मग ते उठले आणि दूध उतरवलं.

नाटकाचे दिग्दर्शक पेशाने दंतवैद्य होते. त्यांनी एकदा काकांची दाढ काढली होती. सुई दिल्यावर गाल आपला राहिला नव्हता. घरी येऊन चहा प्यायले तर तो हनुवटीवरून ओघळला आणि काकूंनी सांगेपर्यंत त्यांना कळलं नाही. आता सगळंच तसं झालं होतं. फरक इतकाच की गाल संध्याकाळपर्यंत परत आला होता.

काका वेळेवर उठायचे, वेळेवर खायचे. दाढीही रोज व्हायची. शेजारी म्हणत, "काकांनी किती सावरलं स्वतःला!" काका मान हलवायचे. मशीनवर पुन्हा वर्तमानपत्रं साचायला लागली होती.

अशात दंतवैद्यांनी नवीन नाटक काढलं. नाटक त्यांनी स्वतः लिहिलं होतं आणि स्वतःच्या खर्चाने छापूनही घेतलं होतं. प्रतींचे गठ्ठे दवाखान्यातल्या बाकाखाली होते. दात दुखणारा माणूस दुसरं काय करणार, घ्यायचा एक हातात. कित्येकांनी ते नाटक गाल धरून वाचलं होतं आणि दंतवैद्य सांगत की वाचताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं.

त्यात एक राणी होती. सगळं राज्य गेल्यावर शेवटच्या अंकात ती एकटीच दरबारात येते, अंगावर जांभळ्या मखमलीचा पायघोळ झगा. दंतवैद्यांनी मखमल स्वतः शोधून आणली. दुकानदाराकडे ताग्यातली तेवढीच उरली होती, तो रंग आता कुणी काढत नव्हतं. त्यांनी ती काकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "काका, तुम्ही नाही म्हणालात तर समजून घेईन. भाड्याचे कपडे मिळतात. पण या राणीला भाड्याचं नको वाटतं हो."

"अं," काका म्हणाले.

"राणी आपली औषधवाली. तिला बघितलंय तुम्ही. म्हणजे माप झालंच!"

औषधवाली म्हणजे औषधांच्या दुकानात काउंटरवर बसणारी. उंच, रुंद खांद्यांची, कॉलेजात गोळाफेकीत बक्षिसं मिळवलेली. मंडळीत ती काकू जायच्या थोडं आधी आली होती, तिच्यासाठी अजून काही शिवलं नव्हतं. काका दोनदा तालमीला जाऊन कोपऱ्यात बसून आले. तिच्याकडे बघितलं. पण बघून काय दिसणार! एक बाई दिसली, उंच. बोटं किती, ते सांगणारं कुणी शेजारी नव्हतं. टेप खिशात होती. ती खिशातच राहिली.

एक दिवस सकाळी त्यांनी मशीनवरची वर्तमानपत्रं खाली ठेवली, टेबल पुसलं आणि मखमल उलटी पसरली. खडू हातात घेतला आणि थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग हात चालायला लागला. कुठे थांबायचं, कुठे वळायचं, बाहीचा मुंढा किती खोल घ्यायचा, सगळं हाताला येत होतं. आपोआप चालणारी एखादी गोष्ट उरली आहे, एवढं त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी कात्री घेतली.

शिवायला फार वेळ लागला नाही. अस्तर लावलं, गळ्याला सोनेरी फीत लावली, आतून वाफ देऊन मखमलीची लव वर केली. झगा देखणा झाला होता. काकांना देखणा वाटला असं नाही, पण टाका चुकलेला नाही हे त्यांना दिसत होतं.

तालमी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये चालत. काकांनी झगा चादरीतून काढला तेव्हा बायकांनी "अगंबाई!" म्हणून त्याच्यावरून हात फिरवले. औषधवाली तो घेऊन पडद्यामागे गेली. बराच वेळ आतून नुसती खुडबूड ऐकू येत राहिली.

"काका," ती आतून म्हणाली, "हा कुठून घालायचा?"

"डोक्यातून," कुणीतरी सांगितलं.

"डोकं गेलंय. पुढचं काही जात नाहीये."

राजाचं काम करणारा बस कंडक्टर होता. त्याला राहवलं नाही. "पुढे सरका, पुढे सरका, आत भरपूर जागा आहे!" तो ओरडला, आणि हॉलभर हशा पिकला.

औषधवाली बाहेर आली. एक हात बाहीत कोपरापर्यंत गेलेला आणि तिथेच अडकलेला. पाठीत दोन्ही कडा एकमेकींपासून इतक्या लांब की मध्ये अख्खी चोपडी मावली असती. खालचा घोळ घोट्यांच्या वर. ती स्वतःही हसत होती. "काका, ही राणी आहे की राणीची शाळेतली मुलगी?"

काका तिच्याकडे बघत होते. झगा लहान झाला आहे हे त्यांना कळलं, पण ते तिथेच थांबले नाहीत. डावा खांदा उजव्यापेक्षा किंचित खाली कापला होता. टपालाची पिशवी खांद्यावर वाहून वाहून काकूंचा डावा खांदा उतरला होता. काका नेहमी तो बाकीच्यांसाठी सरळ करून घ्यायचे. या वेळी केला नव्हता. एक बोटही कुठे वाढवलं नव्हतं.

"काका?" दंतवैद्य जवळ आले. "बरं वाटतंय ना?"

"अं."

दंतवैद्यांनी त्यांना खिडकीशी नेलं आणि रुग्णाला दात काढावा लागेल हे सांगताना जो आवाज लावतात तो आवाज लावला. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. चूक माझी आहे. इतक्यात तुमच्यावर टाकायला नको होतं. पुढच्या आठवड्यात पहिला प्रयोग आहे, मी भाड्याचं बघून ठेवतो. आणि यापुढेही... आता तुम्ही आराम करा, काका. पुष्कळ केलंत."

"बरं," काका म्हणाले.

त्यांनी झगा चादरीत गुंडाळला आणि घरी आले. वाटेत कुणाशी बोलावं लागलं नाही. घरी त्यांनी तो हँगरला लावला आणि कपाटाच्या दाराला अडकवला, चुरगळू नये म्हणून. मग ते खुर्चीत बसले. खिडकीतून आलेलं ऊन झग्यावर पडलं होतं. डावा खांदा जरा खाली, कंबर बारीक, आणि कमरेखाली एकदम मोकळा घोळ, कारण तिला घट्ट कपड्यात गुदमरायला व्हायचं. झगा रिकामा होता आणि तरी रिकामा वाटत नव्हता. काका बघत बसले. आता काहीतरी होईल, असं त्यांना वाटलं. ऊन खांद्यावरून सरकून घोळावर आलं, तिथून फरशीवर गेलं. काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी काकूंची धाकटी बहीण आली. ती आठवड्यातून एकदा यायची, डबा ठेवायची, फरशीला नावं ठेवायची आणि जायची. या वेळी ती दारातच थांबली. हातातला डबा तिने न बघताच कुठेतरी टेकवला.

"ही ताई आहे," ती म्हणाली.

"राणीचा झगा आहे तो. नाटकातल्या."

"मला शिकवू नका भाऊजी. त्या खांद्याकडे बघा." ती जवळ गेली. तिने झग्याला हात लावला नाही, नुसता त्याच्याजवळ नेला. "ताईच उभी आहे नुसती." आणि तिने तोंडाला पदर लावतात तशी ओढणी लावली आणि रडली. काका उठून तिच्यासाठी पाणी घेऊन आले.

पाणी पिऊन झाल्यावर तिने सगळी हकिकत काढून घेतली. टाचण्या जवळ नव्हत्या, त्यामुळे काकांना सांगावं लागलं. औषधवाली, कंडक्टर, दंतवैद्य, भाड्याचे कपडे.

"मग बरंच झालं की," धाकटी म्हणाली. "भाड्याचं आणू देत. हा ठेवा इथेच. ताईचा एक फोटो धड नाही, सगळ्यांत बोलतानाच निघालीय. हा राहू दे. हात लावायचा नाही याला."

"कापड नाही दुसरं."

"दुसरं कशाला हवंय?"

"तिच्यासाठी. औषधवालीसाठी. हा उसवला तर होईल. दोन्ही बगलांत पट्ट्या घालाव्या लागतील, पाठीत जोड. खाली झालर लावली की उंची निघेल. शिवणीत आत ठेवलेलं कापड थोडं आहे." काका इतकं बोलले याचं धाकटीला आश्चर्य वाटलं असावं. पण ती आश्चर्य करत बसणाऱ्यातली नव्हती.

"उसवणार? याला?"

"बघतोय."

"बघू नका. भाऊजी, माझं ऐका. झगे तुम्ही ढीगभर शिवलेत, आणखी एक नाही शिवला तर कुणाचं अडत नाही. पण हा परत व्हायचा नाही. होईल का? सांगा. कागद आहे का तुमच्याकडे ताईच्या मापाचा?"

"नाही."

"मग परत असा कापता येईल?"

काकांनी विचार केला. हात आपोआप चालला होता. पुन्हा चालेल असं त्यांना वाटेना. मुद्दाम बोलावलं तर तो नक्कीच चालणार नाही. "नाही," ते म्हणाले.

"झालं तर मग." तिने पेला खाली ठेवला, डबा शोधून ओट्यावर नेला, झग्याकडे बघून आणखी एकदा डोळे पुसले आणि गेली.

काकांनी तो झगा तसाच राहू दिला. येता-जाता तो दिसायचा. तो ठेवला तर तो राहील. आणि मग आपण या खुर्चीत बसू, तो त्या दाराला असेल. मशीनवर वर्तमानपत्रं येतील. त्यांना त्यात वाईट काही दिसेना आणि बरंही दिसेना. तिसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून त्यांनी पडद्यांची टेप खिशात घातली, आणि यावेळी ते थेट औषधांच्या दुकानात गेले.

दुकानात रांग होती. काका रांगेत उभे राहिले. औषधवालीने वर बघितलं. "काका! काय देऊ? नेहमीच्या गोळ्या?"

मागे एक खोकणारे गृहस्थ होते आणि त्यांच्या मागे मूल घेतलेली बाई. काका म्हणाले, "माप हवंय."

"कशाचं?"

"तुझं."

खोकणारे गृहस्थ खोकायचे थांबले. काकांचे कान गरम झाले. पुष्कळ दिवसांत अंगाला कळलेलं ते पहिलंच काहीतरी होतं. औषधवालीने एक क्षण बघितलं, मग मालकाला हाक मारली, "पाच मिनिटं काउंटर बघा हो," आणि काकांना आतल्या खोलीत घेऊन गेली. तिथे खोक्यांच्या उतरंडी होत्या आणि मधे एक माणूस उभा राहील एवढीच जागा होती.

"हात बाजूला करायचे ना?" तिने दोन्ही हात पसरले. एक सलाइनच्या खोक्याला लागला, दुसरा भिंतीला. "डॉक्टर म्हणाले भाड्याचा येणार आहे."

काकांनी सवयीने खिशातल्या टाचण्या ओठांत धरल्या. त्यांनी टेप तिच्या पाठीमागून घेतली. टेप आखूड वाटली, की हात पुरला नाही, कोण जाणे. दुसऱ्यांदा जमलं.

"काकू मला पहिल्यांदा भेटल्या ना," औषधवाली भिंतीकडे बघत म्हणाली, "तेव्हा ओळख ना पाळख, एकदम मिठीच मारली. मी दचकलेच. घरी जाऊन आईला सांगितलं, एक बाई भेटल्या, इतक्या प्रेमळ, की काय सांगू."

काकांनी टाचण्या काढून तळहातावर घेतल्या.

"माप ती घ्यायची," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मला जमत नाही. लाज वाटते. ती मिठी मारायची आणि घरी येऊन मला सांगायची. किती बोटं."

औषधवाली हात पसरलेलेच ठेवून त्यांच्याकडे वळली. टेप सुटली. "म्हणजे ती मिठी मापाची होती?"

"हो."

"आणि मला वाटलं मी आवडले त्यांना!" ती हसायला लागली. खोकी हलली. हसता हसता ती थांबली. "काय सांगितलं होतं त्यांनी? माझी किती बोटं?"

"तुला त्या वेळी काम नव्हतं, म्हणून माप नाही सांगितलं. घरी येऊन म्हणाली, एक दणकट मुलगी आलीय. हिला राणीच केलं पाहिजे."

औषधवाली परत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, सरळ, शाळेत उभी करतात तशी. काकांनी खांदे घेतले, दंड घेतला, कंबर घेतली. डावा खांदा आणि उजवा खांदा सारखे होते. आकडे त्यांनी तिच्याच दुकानातल्या एका रिकाम्या पाकिटावर लिहिले.

घरी येऊन त्यांनी झगा काढला आणि टेबलावर पालथा घातला. मखमल उसवायची म्हणजे जोखमीचं काम. सुईची भोकं राहतात आणि जिथे शिवण होती तिथे लव कायमची बसते. घाई केली तर फाटते. दोघे असले तर बरं पडतं, एकाने ताणून धरायचं, एकाने टाका कापायचा. एकट्यानेच करायचं म्हणून काकांनी कापडाचं एक टोक टेबलाच्या खणात दाबून खण बंद केला. सुरुवात घोळापासून केली, मग पाठ, मग बाह्या. खांदे त्यांनी शेवटी ठेवले. मुद्दाम ठेवले की सोयीचं म्हणून ठेवले, हे सांगता येणार नाही.

धाकटी या वेळी आठवडा व्हायच्या आधीच आली, तेव्हा एकच खांदा राहिला होता.

तिने टेबलावरचे तुकडे बघितले. "छातीत काळीज आहे की दगड?" ती म्हणाली.

काकांनी खरंच विचार केला. "माहीत नाही," ते म्हणाले.

"माहीत नाही म्हणे! मी सांगून गेले होते ना? बाहेरच्या एका बाईसाठी..." तिचा आवाज चढला आणि मध्येच बसला. "ताईने काय केलं असतं माहीत आहे? तुमच्या हातातून कात्री काढून घेतली असती."

"तिने मिठी मारली असती. औषधवालीला." काका टाका शोधत होते. "आणि बोटं सांगितली असती. झगा होईपर्यंत माझ्या डोक्याशी उभी राहिली असती."

धाकटी उभीच होती. खाली रस्त्यावरून भंगारवाल्याची गाडी आवाज देत गेली. काका खांद्याची शिवण एका हाताने ताणत होते आणि दुसऱ्या हाताने कात्रीचं टोक आत घालत होते, आणि ते नीट होत नव्हतं. एकदा टोक मखमलीत गेलं.

"फाटेल ना तो!" धाकटी ओरडली. तिने पर्स खुर्चीवर टाकली, पुढे होऊन खांद्याच्या दोन्ही बाजू हातांत धरल्या आणि ताणल्या. "कापा."

काकांनी टाका कापला.

"पुढचा. कापा लवकर. हात दुखतात माझे."

शिवण सुटत गेली आणि शेवटी दोन तुकडे धाकटीच्या दोन हातांत राहिले. ते तिने टेबलावर ठेवले, एकमेकांपासून जरा लांब. आता ते नुसतं कापड होतं. कुणाच्या अंगाचं हे सांगणं कठीण होतं. काकांनी पाकीट काढलं, चष्मा लावला, आणि खडूने नवीन खुणा करायला घेतल्या. धाकटी चहा करायला गेली. स्वयंपाकघरात ती बराच वेळ नाक ओढत होती आणि भांडी जरुरीपेक्षा जोराने आपटत होती.

बगलांत काळ्या रेशमाच्या पट्ट्या घातल्या. जुन्या शिवणींच्या खुणा झाकायला त्यांवरून सोनेरी फीत फिरवली. त्यामुळे झग्याला उभे पट्टे आले, जे आधी नव्हते. खाली काळी झालर लावली. दुसऱ्यांदा घालून बघताना औषधवाली पडद्यामागून लगेच बाहेर आली. कंडक्टरने स्वतःच मागे सरकून तिला जागा करून दिली. दंतवैद्यांनी झग्याभोवती एक फेरी मारली आणि भाड्याच्या दुकानाला नको म्हणून कळवायला गेले.

पहिल्या प्रयोगाला हॉल बऱ्यापैकी भरला होता. दंतवैद्यांचे बरेच रुग्ण आले होते. काका विंगेत स्टुलावर बसले होते. शेवटच्या अंकात राणी एकटी दरबारात आली तेव्हा झालरीचा फळ्यांवर सरसर आवाज झाला आणि प्रेक्षक शांत झाले. तिने भाषण म्हटलं, एक वाक्य गाळलं, ते लेखकाशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही. हात वर करून ती राज्याला निरोप देत असताना काका तिच्या बगलेकडे बघत होते.

पडदा पडल्यावर गर्दीतून वाट काढत धाकटी विंगेत आली. काकांनी तिला तिकीट दिलं नव्हतं, तिने स्वतः घेतलं होतं. दोघं बाजूला उभी राहिली. समोर औषधवालीला लोक भेटत होते, फोटो काढत होते.

"छान दिसतो," धाकटी म्हणाली. "पण ती ताई नाही."

"नाही."

"ताईची एवढीशी खूण राहिली नाही त्यात."

"नाही राहिली."

धाकटीने त्यांच्याकडे वळून बघितलं. "आणि वाईट वाटत नाही तुम्हाला?"

काकांच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. त्यांनी मनात चाचपून पाहिलं, घाई केली नाही.

"अजून नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "डाव्या बगलेत आवळतोय तिला. हात वर केला तेव्हा दिसलं. उद्याच्या प्रयोगाआधी सोडतो."

"उद्या मी येते," धाकटी म्हणाली. "सकाळीच. एकट्याने उसवत बसू नका."

काका पुढे गेले आणि लोकांची गर्दी ओसरायची वाट बघत, झगा घ्यायला, औषधवालीच्या मागे उभे राहिले.